माझ्या मापाची सायकल

आमच्या लहानपणी घरात कुठलीच वस्तू मापाची येत नसे. दिवाळीला शिंपी माप घ्यायचा ते नावापुरतं. त्यानं टेप गळ्यात अडकवायच्या आत आई सांगायची, "जरा वाढत्या अंगाचं शिवा हो." मग पहिल्या वर्षी शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या, दुसऱ्या वर्षी त्या जरा बऱ्या दिसायच्या आणि खरोखर मापात बसायला लागल्या, की तो शर्ट धाकट्या भावाकडे जायचा. कॅनव्हासच्या बुटात पुढच्या बाजूला कापसाचा बोळा असायचा. बोळा काढण्याइतका पाय वाढेपर्यंत बुटाचा तळ गेलेला असायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वस्तू महाग होती आणि माणसं घरात मुबलक होती. तेव्हा जुळवून घ्यायचं ते माणसानं, हा घरोघरीचा रिवाज होता.

अशा घरात वाढलेल्या माणसानं पासष्टाव्या वर्षी स्वतःच्या अंगाचं माप देऊन सायकल करून घ्यावी, याला काय म्हणायचं? आमच्या सोसायटीतल्या एका स्नेह्यांच्या मते याला म्हातारचळ म्हणतात. बायकोनं काहीच शब्द वापरला नाही, नुसतं माझ्याकडे आणि मग मुदत ठेवीच्या पावतीकडे पाहिलं. मागच्या रविवारी पहाटे मी त्या सायकलवरून पहिली रपेट मारून आलो. सिंहगड रस्त्यानं खडकवासला, तिथून पुढे डोणजे आणि परत. तीसेक किलोमीटरचा मामला. तिचाच हा वृत्तान्त. पण त्याआधी दुसऱ्या एका सायकलविषयी सांगायला हवं, कारण रविवारी मी खरं म्हणजे दोन सायकलींवर बसलो होतो.

चोवीस इंची

आमचे अण्णा मिरजेला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. उंची पाच फूट तीन इंच. त्यांची सायकल मात्र चोवीस इंची. त्या काळी काळ्या सायकलींच्या फ्रेमा बावीस इंची आणि चोवीस इंची अशा मिळत. चोवीस इंची ही उंचापुऱ्या माणसासाठी. बदली होऊन निघालेल्या एका सहाफुटी गार्डानं ती अण्णांना ११० रुपयांत दिली आणि स्वस्तात मिळाली म्हणून ती आमची झाली. अण्णांनी सीट अगदी तळापर्यंत खाली बसवली. तरीही पायडल खाली गेलं, की त्यांच्या चपलेचं टोकच काय ते पोचायचं. मग पायडल पुरतं दाबण्यासाठी ते कंबर त्या बाजूला कलवायचे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. पाठीमागून पाहिलं तर माणूस होडी वल्हवत निघाला आहे असं वाटायचं. गल्लीतली पोरं त्यांची नक्कल करायची. त्या पोरांत मीही असायचो. आई म्हणायची, "त्यांची ढबच आहे ती." संध्याकाळी अण्णा भिंतीला पाठ टेकून बसायचे आणि आई त्यांच्या कमरेला तेल चोळायची. त्या दुखण्याचा दोष मालधक्क्यावरच्या स्टुलाला दिला जायचा.

मी शिकलो तो याच सायकलवर. दांडीवरून पाय टाकण्याचा प्रश्नच नव्हता. दांडीखालून उजवा पाय पलीकडे घालायचा, उजवी काख सीटवर टाकायची आणि कुबड काढून हाफ पायडल मारत जायचं. माझ्या पिढीतली बहुतेक माणसं अशीच शिकली. १९७० च्या मे महिन्यात स्टेशनाकडच्या रस्त्यावर मी या अवस्थेत खडीच्या ढिगात घुसलो आणि डाव्या नडगीचं हाड मोडून घेतलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. दीड महिना मी खाटेवर होतो. अण्णांनी धावत येऊन पहिला प्रश्न विचारला होता तो असा : "सायकलला काही झालं नाही ना?" यात निष्ठुरपणा नव्हता. हाड आपोआप जुळतं आणि चिमटा वाकला तर पैसे पडतात, हा साधा हिशोब होता.

कादंबरीचा उपयोग

बँकेतून निवृत्त झाल्यावर गुडघे कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं, म्हणून मी एका मोठ्या दुकानातून तयार सायकल आणली. तिथं स्मॉल, मीडियम आणि लार्ज असे तीन प्रकार होते. मला मीडियम मिळाली. महिनाभरात मान धरली, हाताची बोटं बधिर होऊ लागली. दुकानातल्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "सवय होईल अंकल." हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो होतो, त्यामुळे मला ते पटलंही. आणखी सहा महिने मी सवय करत राहिलो.

मग कुणीतरी धायरीच्या एका गाळ्यातल्या मुलाचं नाव सांगितलं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. मोटारींच्या कारखान्यातली नोकरी सोडून तो एकेका माणसासाठी पोलादी सायकलच्या फ्रेमा जोडतो. वर्षाला मोजक्याच. मी गेलो तेव्हा भेट म्हणून माझी एक कादंबरी घेऊन गेलो होतो. त्यानं ती आदरानं घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, "काका, बूट काढा आणि भिंतीला पाठ लावून उभे राहा." मग ती कादंबरी माझ्या दोन्ही मांड्यांच्या मध्ये, कणा वर करून, घट्ट बसवायला सांगितली आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप धरली. माझ्या लेखनाचा इतका थेट उपयोग आजवर कुणी केला नव्हता.

माप निघालं ७७ सेंटिमीटर. या आकड्याला ०.८८३ नं गुणलं, की पायडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, असा सायकलपटूंचा एक जुना ठोकताळा आहे. माझी आली ६८. "ही फक्त सुरुवात," मुलगा म्हणाला. मग त्यानं खांदे मोजले, हात मोजले, धड मोजलं. वाकून पायाचे अंगठे धरायला लावले, तेव्हा मी गुडघ्याच्या जरा खाली पोचलो. तेही त्यानं लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, "पाय आखूड, धड लांब, आणि हात पुन्हा आखूड. कंपनीच्या तक्त्यात असा माणूसच नाही. तुम्ही मीडियमवर बसला होतात, म्हणजे हँडल गाठायला दिवसभर खांदे ताणत होतात."

आणि मग जाता जाता, "डावा पाय सात मिलिमीटर आखूड आहे, माहीत असेलच तुम्हाला."

मला माहीत नव्हतं. पंचावन्न वर्षं मी त्या पायावर चाललो. काउंटरमागे उभा राहिलो. लग्नात सप्तपदी घातली. बुटाचा डावा तळ आधी झिजतो हे मला दिसत होतं आणि मी चांभाराला बोल लावत होतो. "काही विशेष नाही," मुलगा म्हणाला, "बुटात आत चार मिलिमीटरची पट्टी घालू. सगळा फरक एकदम भरून काढायचा नसतो. शरीरानंही आपली काहीतरी सोय करून घेतलेली असते."

एडी मर्क्सचा किस्सा मला त्यानंच सांगितला. बेल्जियमचा हा सायकलपटू टूर द फ्रान्स पाच वेळा जिंकला. १९६९ साली एका शर्यतीत तो पडला आणि त्याचं कंबरेचं हाड किंचित फिरलं. पुढे आयुष्यभर त्याला सीटची उंची कधी मनासारखी लागली नाही. खिशात पाना ठेवून तो चालत्या शर्यतीत सीट वरखाली करायचा. त्यातूनच त्यानं १९७२ साली मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलं. जगज्जेत्या माणसालाही आपलं माप सापडत नव्हतं, हे ऐकून मला उगाचच धीर आला.

दुसऱ्या खेपेला त्यानं मला एका सांगाड्यावर बसवलं. सीट, हँडल, पायडल सगळं पुढंमागं सरकणारं. मी पायडल मारायचो आणि तो बाजूला उकिडवा बसून बघायचा. तीन मिलिमीटर सीट पुढं. पुन्हा बघायचा. दोन मिलिमीटर मागं. मला मिरजेची सतारमेकर गल्ली आठवली. शाळेतून येताना आम्ही तिथं दुकानांच्या पायऱ्यांवर रेंगाळायचो. तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायचा, ऐकायचा आणि पुन्हा केसभर सरकवायचा. गायकाचा तंबोरा वेगळा, गायिकेचा वेगळा, हे तिथं पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्याच गल्लीवरून अण्णा रोज गार्डाच्या सायकलवर वल्हवत जायचे.

पोलाद कशाला?

माझ्या जावयानं विचारलं, आता कार्बनच्या जमान्यात पोलाद कशाला? प्रश्न योग्य होता. शर्यतीच्या जगातून पोलाद केव्हाच हद्दपार झालं. १९८६ साली ग्रेग लेमाँडनं कार्बनच्या फ्रेमवर टूर द फ्रान्स जिंकली आणि १९९४ सालचा मिगेल इंदुरेन हा पोलादी फ्रेमवर ती जिंकणारा शेवटचा. कार्बन हलका आहे, वेगवान आहे. पण कार्बनची फ्रेम बहुधा साच्यातून निघते. साचा महाग, म्हणून ठरावीक मापांचेच साचे करतात आणि हजारो फ्रेमा काढतात. पोलादाच्या नळ्या मात्र एका गाळ्यात एक माणूस करवतीनं कापू शकतो, कोन साधू शकतो आणि पितळेनं झाळून जोडू शकतो. एका माणसासाठी एकच फ्रेम करायची तर पोलादाइतका समजूतदार धातू दुसरा नाही.

नळीही साधी नसते. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला रेनॉल्ड्स नावाचं घराणं होतं. १८४१ पासून त्यांचा खिळे करण्याचा धंदा. १८९७ मध्ये त्यांनी एका नळीचं पेटंट घेतलं. बाहेरून सारखीच, पण आतून दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये पातळ. सांध्याशी जोर येतो तिथं धातू जास्त, मध्ये कमी. माझ्या सायकलच्या मुख्य नळीची भिंत टोकांना ०.८ मिलिमीटर आहे आणि मध्ये ०.५. नखानं टिचकी मारली तर टोकाला बद्द वाजते आणि मध्यावर झांजेसारखी. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं हे पोलाद मजबूत असल्यामुळे इतकी पातळ भिंतही टिकते. अख्खी सायकल भरली साडेनऊ किलो. अण्णांची वीस किलोंच्या खाली नक्कीच नसावी.

किंमत लपवण्यात अर्थ नाही. १ लाख ६८ हजार रुपये. एक मुदत ठेव संपली, ती पुन्हा ठेवली नाही.

पहिली रपेट

रविवारी साडेपाचला उठलो. ही आधीच उठली होती. ओट्यापाशी पाटावर उभी राहून चहा गाळत होती. सायकल हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी होती. रंग गर्द निळा. तिनं कप हातात देत विचारलं, "स्टँड नाही?"

"नसतो अशा सायकलला."

"कॅरिअर? मडगार्ड?"

"नाही."

"एवढ्या पैशांत?" ती म्हणाली आणि आत गेली.

खाली येऊन टांग टाकली आणि पहिल्या पन्नास पावलांत पस्तावलो. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. काळ्या सायकलचं हँडल म्हशीसारखं असतं. ते वळवायचं म्हणजे तिची समजूत काढावी लागते. हे नुसतं मनात आलं तरी वळत होतं. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना मी रखवालदाराच्या खुर्चीला जवळजवळ शिवून गेलो. घट्ट धरलं की ती जास्त थरथरायची. आनंदनगरच्या चौकापर्यंत कळलं, की हिला धरायचं नसतं, हात नुसते ठेवायचे असतात. हे कळल्यावर ती सरळ चालू लागली. म्हणजे, मी सरळ चालू लागलो.

धायरी फाट्यापर्यंत रस्ता बराच मोकळा होता. तिथं एक विचित्र गोष्ट लक्षात आली. काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, काहीतरी कमी. मडगार्डचा खडखडाट नव्हता, चेनकव्हरला चेन घासत नव्हती, हे खरं. पण कमी होतं ते वेगळंच. माझी कंबर गप्प होती. पाय गोल फिरत होते आणि कमरेला त्याची खबरच नव्हती. हात पोचत होते तिथं हँडल होतं. मान वर करायला कष्ट नव्हते. नवी वस्तू घेतली की ती सारखी "मी आहे, मी आहे" म्हणत असते. मापाची वस्तू अंगाखालून नाहीशीच होते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

पोलादी सायकल लोण्यासारखी चालते असं ऐकलं होतं. त्याबद्दल खरं तेच सांगतो. नांदेड फाट्याच्या पुढे रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला कळला. चेंबरचं झाकण कळलं, गतिरोधक तर मणक्यापर्यंत कळले. मुलानं आधीच बजावलं होतं, की फ्रेम उभ्या दिशेला दबते ती नाममात्र, मऊपणा असतो तो टायरमध्ये आणि बसण्यात. म्हणून त्यानं शर्यतीचे अरुंद टायर न घालता ३२ मिलिमीटरचे घातले होते. फरक एवढाच, की दणका येतो आणि तिथंच संपतो. त्याची कुरकुर पुढे चालत नाही.

किरकटवाडी फाट्याच्या आसपास पुढे एक काळी सायकल दिसली. वर रखवालदाराचा गणवेश. रात्रपाळी संपवून निघालेला माणूस. हँडलला डबा लटकलेला. मी त्याच्या मागे आलो आणि माझे पाय थांबले. त्याची कंबर उजवीकडे कलत होती, मग डावीकडे. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. त्याला पायडल पुरत नव्हतं.

मी बराच वेळ त्याच्या मागे राहिलो. ज्याला आम्ही अण्णांची ढब म्हणत होतो, ज्याची मी गल्लीत नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या, ती ढब नव्हतीच. ते दोन इंच होते. चोवीस आणि बावीस यांच्यामधले दोन इंच. तीस वर्षं तो माणूस दिवसातून दोनदा त्या दोन इंचांसाठी कंबर मोडत होता आणि आम्ही दोष स्टुलाला देत होतो. अण्णा १९९८ साली गेले. हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही.

मग मी त्या माणसाला मागे टाकून पुढे गेलो. फार सहज गेलो, आणि त्याची लाज वाटली.

धरणावर धुकं होतं. भजीच्या गाड्या अजून झाकलेल्या होत्या. धरण सोडून डोणज्याकडे निघालं, की एक चढ लागतो. मोटारीतून जाताना तो कधी जाणवलाही नव्हता. काळ्या सायकलला एकच गिअर, पायडल एकदा फिरलं की चाक साधारण अडीच वेळा फिरणार, मग चढ असो वा उतार. माझ्या सायकलला सगळ्यात हलका गिअर असा आहे, की पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. मी तो टाकला. गुडघे बोलले नाहीत. पण छातीचा भाता झाला, कानात ढोल वाजू लागले. सायकल मापाची होती, फुप्फुसं वाढत्या वयाचीच होती. आणि तेवढ्यात मागून करकर ऐकू आली. तो रखवालदार पायडलवर उभा राहून, डबा हेलकावत माझ्या शेजारून पुढे निघून गेला. जाताना हसला.

चुन्याची खूण

डोणजे फाट्यावर चहाच्या टपरीपाशी तो भेटला. माझी सायकल मी वडाला टेकवली. तो तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.

"सायेब, केवढ्याला पडली?"

"महाग आहे."

"तरी?"

"पन्नास हजार," मी म्हणालो. छत्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आकड्याच्या बाबतीत उघड्यावर खोटं बोलला.

"पन्नास!" त्यानं ती एका हातानं उचलली. "हलकी हाये. पर ष्टँड न्हाई, क्यारेज न्हाई. डबा कुठं ठिवायचा?"

या प्रश्नाला माझ्या घरीही उत्तर नव्हतं. मी त्याला त्याच्या सायकलबद्दल विचारलं. कंबर दुखते का? दुखते, तो म्हणाला, पण ती रात्रभर उभं राहून. मी म्हटलं, सीट दोन बोटं खाली घ्या, शेजारी पंक्चरवाला आहे, त्याच्याकडे पाना असेल, दोन मिनिटांचं काम.

"सायकल मेव्हन्याची हाये. त्यो उंच हाये. गावाकडं गेलाय, आला की द्यायची. दुसऱ्याच्या वस्तूला हात कशाला लावायचा?"

"किती दिवस झाले?"

"दीड वरीस."

मी हसलो, पण ते हसू लगेच ओसरलं. नोकरीत माझ्या नऊ बदल्या झाल्या. प्रत्येक शाखेत आधीच्या साहेबाची खुर्ची मिळायची. त्या खुर्च्यांना खाली एक दांडा असतो, तो ओढला की खुर्ची वरखाली होते, हे मला ठाऊक होतं. मी तो एकदाही ओढला नाही. तीन वर्षांनी जायचंच आहे, खुर्ची बँकेची आहे, असं वाटायचं. भाड्याच्या घरात खिळा ठोकताना वाटतं तसं. अण्णांनाही शेवटपर्यंत ती सायकल गार्डाचीच वाटत असेल का? ते तिला 'गार्डाची सायकल' म्हणायचे खरे.

चहा संपेपर्यंत माझा मित्र विचार करत होता. मग उठला, पंक्चरवाल्याकडून पाना आणला. सीटखालचा नट सैल करण्याआधी त्यानं खिशातून तंबाखूची चंची काढली, बोटावर चुना घेतला आणि सीटच्या नळीवर, होती त्या जागी, एक पांढरी रेघ ओढली. मेव्हणा आला, की सीट पुन्हा तिथंच नेता यावी म्हणून. मग सीट दोन बोटं खाली घेतली, नट आवळला, डबा अडकवला आणि निघाला. वळणापर्यंत मी बघत होतो. त्याची कंबर हलत नव्हती.

यात एक रुपयाही खर्च झाला नाही. माझे १ लाख ६८ हजार मला वडाखाली जरा खुजे दिसू लागले. पण हेही खरं, की अण्णांच्या सायकलला पान्याचा हा उपाय नव्हता. त्यांची सीट आधीच तळाला होती. तिथं फ्रेमच दुसरी हवी होती.

ओटा

साडेनऊला घरी पोचलो. मांड्या थरथरत होत्या, पण मान, पाठ, बोटं सगळं जागच्या जागी होतं. ही पोहे परतत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून तिला सगळं सांगितलं. वाढत्या अंगाचे शर्ट, अण्णांचे दोन इंच, मेव्हण्याची सायकल, चुन्याची रेघ. आपण वस्तूंना परक्याच्या समजतो आणि स्वतःला कापत, ताणत बसतो, असंही काहीतरी म्हणालो. तिनं ऐकून घेतलं. गॅस बंद केला. पाटावरून खाली उतरली.

"या ओट्याचं माप कुणी घेतलं होतं?" तिनं विचारलं.

हा फ्लॅट आम्ही १९९४ साली घेतला. ओटा बिल्डरनं केला होता, सगळ्या इमारतीत एकाच उंचीचा. ही चार फूट दहा इंच. पहिल्याच आठवड्यात तिनं देवघरातला पाट ओट्यापाशी आणला होता. त्या पाटावर उभं राहून तिनं तीस वर्षांहून जास्त काळ स्वयंपाक केला. उतरताना दोनदा पाय मुरगळला. तो पाट मला रोज दिसत होता. मला वाटायचं, तिची ती सवय आहे.

आणि हा ओटा काही बँकेचा नव्हता. मेव्हण्याचाही नव्हता. कर्ज मीच फेडलं होतं.

मी टेप आणली. कोपर काटकोनात धरायला सांगितलं. कोपरापासून जमिनीपर्यंत ३६ इंच. ओटा ३५ इंच. त्यावर शेगडी, शेगडीवर कढई. कढईत काय चाललंय ते दिसायला या बाईला टाचा उंचावाव्या लागणारच. काम करण्याची जागा कोपरापासून चार इंच तरी खाली हवी, असं धायरीच्या मुलाला फोन करून विचारलं तेव्हा तो म्हणाला. म्हणजे ओटा ३२ इंच हवा. तीन इंचांचा फरक. मग मी पाटाची उंची मोजली. ती अडीच इंच भरली. तिनं ते माप १९९४ सालीच काढलं होतं, टेपशिवाय.

संध्याकाळी गवंड्याला फोन केला. ग्रॅनाइट काढावा लागेल, शेगडीची नळी हलवावी लागेल, आठ दिवस घर धुळीत जाईल, असं सगळं त्यानं सांगितलं. शेवटी विचारलं, "काका, नवा ओटा स्टँडर्डच ठेवू ना?"

मी उत्तर देण्याआधी आतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, येताना टेप घेऊन या."